स्वातंत्र्य जपून वापरा, एकोपा नाजूक आहे

सणवार जवळ आले की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते. कधी पाहिली नसेल तर एकदा पाहून या. इकडच्या समाजाचे चार पुढारी, तिकडच्या समाजाचे चार पुढारी, मधे साहेब. चहा होतो, बिस्किटं होतात, खांद्यावर हात टाकून फोटो होतो. याला एकोपा म्हणतात. तो दोन समाजांत असतो. तोच दोन माणसांत झाला आणि त्या दोघांना लग्न करावंसं वाटलं, तर त्याला तणाव म्हणतात. एवढं ध्यानात ठेवलंत तर या देशात तुमचं फारसं काही अडणार नाही.

त्या बैठकीत तुमच्यासाठी खुर्ची नसते, शोधत बसू नका. राज्यघटनेच्या कलम २५ ने सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य सर्व व्यक्तींना दिलंय, हे मान्य. पण तुम्ही व्यक्ती आहात हे आडनाव सांगायच्या आधीपर्यंतच. त्यानंतर तुमची सदसद्विवेकबुद्धी कुठल्या पुढाऱ्याकडे जमा आहे, हे समोरचा आपोआप ओळखतो.

भोंग्यांबद्दल थोडक्यात सांगतो. रात्री दहा ते सकाळी सहा ते बंद ठेवावेत, असे नियम २००० सालीच झाले. ध्वनिक्षेपक हा कुठल्याही धर्माचा मूलभूत हक्क नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं. तरी तक्रार करू नका. अगदीच राहवलं नाही, तर दोन्ही धर्मांच्या भोंग्यांविरुद्ध एकाच अर्जात करा. दोघे मिळून तुमच्या दारात येतील आणि जे शांतता समितीला जमलं नाही ते तुम्ही करून दाखवाल.

लग्नाचं मात्र सविस्तर सांगायला हवं. पहिला सल्ला असा, की प्रेम आपल्याच धर्मात करा. हिंदूंनी आपसात करायचं तर १९५५ चा कायदा आहे, त्यात आधी नोटीस वगैरे भानगड नाही. मुसलमानांच्या निकाहालाही सरकारी फळ्यावर कागद चिकटवावा लागत नाही. सकाळी ठरवा, संध्याकाळी उरका. सरकारला घाई नसते, तशी शंकाही नसते.

पण धर्म न बदलता धर्माबाहेर लग्न करण्याचा हट्टच असेल, तर विशेष विवाह कायदा, १९५४. याचा पूर्वज १८७२ चा. त्यात जोडप्याला आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कुणीच नाही असं लिहून द्यावं लागे आणि मग चौदा दिवसांची नोटीस लागे. स्वतंत्र भारताने ती अपमानास्पद अट काढून टाकली आणि चौदाचे तीस दिवस केले. गोऱ्या साहेबाला आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची किती कमी कदर होती, ते यावरून कळतं.

नोटिशीत नाव, वय, व्यवसाय, राहता पत्ता आणि याआधीचं लग्न झालं होतं की नाही, हे सगळं स्वच्छ अक्षरात भरा. ती कचेरीत ठळक जागी लागते. गावाकडून पळून शहरात आला असाल तर काळजी नको, कायमच्या पत्त्याच्या जिल्ह्यातही तिची प्रत पाठवली जाते. घरी कसं सांगायचं हा प्रश्न सरकारनेच सोडवलाय. नोटीस-वही कुणालाही पाहता येते, तीही विनाशुल्क. माहितीच्या अधिकारात सरकारची फाईल मागायची तर अर्जाला दहा रुपये लागतात. तुमची माहिती १९५४ पासून फुकट आहे.

या तीस दिवसांत कुणीही आक्षेप घेऊ शकतो. कुणीही म्हणजे खरंच कुणीही. त्याने तुम्हाला कधी पाहिलेलं असण्याचीसुद्धा गरज नाही. आता कायद्यात आक्षेपाची कारणं मोजकी आहेत: आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं, मन ठिकाणावर नसणं, नातं निषिद्ध असणं. धर्म वेगळा असणं त्यात बसत नाही. पण परधर्मात लग्न करणाऱ्याचं मन ठिकाणावर आहे, असं तुमच्या काकांना तरी वाटतं का? मग झालं तर. आक्षेप खोडसाळ ठरला तर आक्षेप घेणाऱ्याला भरपाई लावता येते, जास्तीत जास्त एक हजार रुपये. १९५४ मध्ये ही रक्कम जरब बसवणारी होती. आज तेवढ्यात चार माणसांचं धड जेवणही होत नाही, पण संस्कृतिरक्षण सर्वांना परवडलं पाहिजे, या उदात्त हेतूनेच ती वाढवली नसावी.

कायदा तुमच्या घरगुती वाटणीचीही काळजी घेतो. हिंदू माणसाने या कायद्याखाली परधर्मीयाशी लग्न केलं की तो एकत्र कुटुंबातून विभक्त झाल्याचं मानलं जातं. त्यामुळे वडिलांनी ‘आजपासून तू आम्हाला मेलास’ म्हटलं तर उगाच मनाला लावून घेऊ नका. भाषा सोडली तर ते याच कायद्याचं कलम १९ सांगत असतात.

महाराष्ट्रात असाल तर अधिक निर्धास्त राहा. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने अशा लग्नांवर लक्ष ठेवायला एक समन्वय समिती नेमली. सुरुवातीला तीत आंतरजातीय लग्नंही होती. ओरड झाल्यावर ती दोनच दिवसांत वगळली. एकोपा असा टप्प्याटप्प्यानेच येतो.

न्यायालयांचे निकाल वाचू नका, डोक्यात नको ते येतं. जोडप्याने लेखी मागितल्याशिवाय नोटीस लावू नका, असं अलाहाबाद उच्च न्यायालय जानेवारी २०२१ मध्ये म्हणालं. धर्म बदलून मुसलमानाशी लग्न केलेल्या केरळच्या हादियाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केलेलं लग्न सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये पुन्हा वैध ठरवलं आणि जोडीदार निवडणं हा सज्ञान माणसाचा स्वतःचा हक्क आहे, असं सांगितलं. सज्ञान बाईला स्वतःचं लग्न परत मिळवायला एवढाच काय तो वेळ लागला.

एवढं होऊनही लग्न करणारच असाल, तर तीन साक्षीदार आतापासून हेरून ठेवा. लग्नाला हो म्हणणारे मित्र पुष्कळ मिळतात, सही करायच्या दिवशी त्यांची आई आजारी पडते. आणि तारखेवर नजर ठेवा. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर ती नोटीस बाद होते. मग नवी नोटीस, नवे तीस दिवस. पहिल्या वेळी ज्यांना आक्षेप घ्यायला सवड झाली नव्हती, त्यांनाही पुन्हा संधी.