सीताफळ गरम केलं की विष होतं म्हणे! त्या मेसेजचं एकेक करून बघू

दसरा जवळ आला की आमच्या बीड-अंबाजोगाईकडच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो, यंदाही फिरायलाय. वर लिहिलंय 'एका मोठ्या डॉक्टरांचा सल्ला', डॉक्टरांचं नाव कुठंच नाही. म्हणणं थोडक्यात असं: सीताफळ गरम केलं की विष तयार होतं, दुधात घातलं तर कोड येतं, बियांत खरी ताकद म्हणून बियांसकट मिक्सरला लावा, झाडावर पिकलेलंच खा बाकी सगळं कार्बाइडची पावडर लावून पिकवलेलं, भुईमुगाच्या शेंगांना बुरशी आली तर नीट भाजून घ्या काही होत नाही, आणि आवळा शिजवला की त्यातलं सगळं संपलं.

माझी अडचण अशी आहे की हा मेसेज जिथं घाबरायचं काही कारण नाही तिथं घाबरवतोय आणि जिथं खरंच जपून राहायला पाहिजे तिथं बिनधास्त खा म्हणतोय.

पहिलं, गरम केल्यावर विष. यात थोडं खरं आहे म्हणून तर लोकांना पटायलंय. सीताफळाचा गर साधारण 65 अंशाच्या वर तापला की कडवट होतो, रंगही तपकिरी-गुलाबी पडतो. पण कडू होणं वेगळं आणि विष होणं वेगळं! चव बिघडते एवढंच. ज्यांनी उकळत्या दुधात गर टाकून बासुंदी केली आणि ती कडू झाली त्यांनीच बहुतेक पुढं हे विषाचं प्रकरण वाढवलं असावं. यावर उपाय आपल्या बायकांना माहीतच आहे. लिटरभर दूध आटवून निम्म्यावर आणायचं, साखर नेहमीपेक्षा कमी, कारण फळच गोड असतं, मग गॅस बंद करून दूध पूर्ण गार होऊ द्यायचं, फ्रीजमध्ये ठेवलं तर अजून चांगलं, आणि वाढायच्या आधी दोन-तीन मध्यम फळांचा गर त्यात हलक्या हातानं मिसळायचा. वेलची नको, सीताफळाचा वास मरतो (हे माझं मत, सासूबाईंना पटत नाही).

गर काढताना सालीला लागून जो रवाळ भाग असतो तो खरवडायचा नाही, तो दाताखाली कचकच लागतो. मधला गर मोठ्या भोकांच्या स्टीलच्या चाळणीत टाकून हातानं चोळायचा, बिया वर राहतात, गर खाली. फळं एकदम पिकली आणि घरात खाणारी माणसं दोनच असली तर याच गरात थोडं लिंबू पिळून डब्यात भरून फ्रीझरला टाका, लिंबानं काळा पडायचा वेग कमी होतो. दिवाळीला पाहुणे आले की काढायचं, पण एकदा वितळलेलं परत गोठवायचं नाही.

दुधात घातल्यानं कोड येतं हे तर नुसतं भय दाखवणं झालं. कोड कातडीला रंग देणाऱ्या पेशी मरतात म्हणून येतं, दोन पदार्थ एकत्र खाल्ल्यानं नाही. सीताफळ आंबट पण नाही की दूध नासावं. हां, ज्यांना शुगर आहे त्यांनी वाटीभर बासुंदी ओढू नये, नुसत्या गरातच 100 ग्रॅमला 20 ग्रॅमच्या वर कार्बोहायड्रेट असतात आणि वर आपली साखर.

आता बिया. इथं मात्र मला राग येतो. आपल्याकडं जुन्या बाया सीताफळाच्या बिया वाटून कशाला वापरायच्या? डोक्यातल्या उवा मारायला. जे उवा मारतं ते शेकमध्ये घालून पोरांना पाजा म्हणायलेत हे लोक! बियांत अॅसिटोजेनिन नावाची द्रव्यं असतात, किडे मरतात ते त्यांच्यामुळं, आणि ही पूड डोळ्यात जाऊन बुबुळाला इजा झालेले पेशंट आपल्या देशातल्याच डॉक्टरांनी नोंदवलेत. एखादी अख्खी बी चुकून गिळली तर घाबरू नका, कवच टणक असतं, तशीच बाहेर पडते. पण मिक्सरमध्ये फुटली की गोष्ट वेगळी. 'बियांनी कॅन्सर बरा होतो' हे पण त्याच मेसेजमध्ये आहे. प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर काही दिसणं आणि माणूस बरा होणं यात लई अंतर आहे.

झाडावर पिकलेलंच खा, हे ज्यानं लिहिलं त्याच्या बांधावर सीताफळ नसणार. झाडावर पिकेपर्यंत थांबलात तर वटवाघळं, खारी आणि मुंग्या आधी जेवतात आणि तुम्हाला खाली फुटलेलं मिळतं. सीताफळ तोडल्यावर पिकणारंच फळ आहे. डोळे उघडले, म्हणजे दोन डोळ्यांच्या मधल्या फटी रुंद होऊन पिवळसर पांढऱ्या दिसायला लागल्या, की तोडायचं आणि टोपलीत ठेवायचं, दोन-चार दिवसात आपोआप मऊ होतं, त्याला कार्बाइड कशाला लागतंय? डोळे न उघडलेलं तोडलं तर काळं पडून दगडासारखं राहतं. कच्चं फ्रीजमध्येही ठेवू नका, साल काळी पडते आणि मग ते नीट पिकतच नाही. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या खास मालाचं मानांकन, मिळालाय, अंबाजोगाईला सीताफळाचं संशोधन केंद्र आहे, धारूर-6 ही जात तिथलीच, तरी आपण शहाणपण शिकायचं फॉरवर्डमधून!

शेंगांचं सगळ्यात महत्त्वाचं. काढणीच्या टायमाला परतीचा पाऊस आला की उपटलेले वेल ढिगात भिजतात आणि शेंगांना बुरशी धरते. भाजल्यावर बुरशी मरते हे खरं, पण तिनं दाण्यात सोडलेलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष घरातल्या तव्यावर मरत नाही, आणि ते लिव्हरला वाईट. म्हणून सुरकुतलेला, काळा-हिरवा डाग पडलेला, कडू लागणारा दाणा सरळ फेकायचा, चटणीच्या कुटात लपवायचा नाही. म्हशीलाही घालू नका, ते दुधात उतरतं. चांगल्या शेंगा पत्र्यावर पातळ पसरून वाळवा, हलवल्यावर आत दाणा खुळखुळला पाहिजे, मग पोत्यात भरा, प्लास्टिकच्या पिशवीत नको.

ओल्या शेंगा मात्र त्याच दिवशी खायच्या. माती जाईपर्यंत तीन-चार पाणी धुवायच्या, भरपूर मीठ घालून कुकरला लावायच्या आणि शिजल्यावर लगेच उपसायच्या नाहीत, अर्धा तास त्याच पाण्यात राहू द्या, तेव्हा मीठ आत जातं. उरलेले उकडलेले दाणे दुसऱ्या दिवशी हिरवी मिरची, लसूण तव्यावर परतून त्यात ठेचा, गरम भाकरीबरोबर. रात्रभर मात्र फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर आंबतात.

राहिला आवळा. शिजवल्यानं क जीवनसत्त्व कमी होतं, शून्य होत नाही, आणि त्यातलं बरंच तर उकळलेल्या पाण्यात उतरतं जे आपण ओतून देतो. म्हणून उकळू नका, चाळणीवर दहा मिनिटं वाफवा. पाकळ्या आपोआप सुटतात. त्यांना काळं मीठ, ओवा, किसलेलं आलं लावून उन्हात कडक वाळवलं की सुपारी तयार, कार्तिकात आवळीखाली जेवायला जाताना डबीत घेऊन जाता येते. लोखंडी कढईत आवळा काळा पडला तरी घाबरू नका, आवळ्यातलं टॅनिन आणि लोखंड मिळून तो रंग येतो. दिसायला आवडत नसेल तर स्टीलचं पातेलं घ्या.