"विदर्भात गिझर कशाला?" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दिवाळीनंतर घराघरांत डागडुजी निघते आणि हा मेसेज पुन्हा फिरू लागतो: "विदर्भ म्हणजे उन्हाळा. बाथरूम करताना पैसा टाइल्सवर लावा. गरम पाण्याचं नंतर पाहता येतं. लागलाच तर तीन लिटरचा इन्स्टंट गिझर पुरतो, नाहीतर गॅसचा बाथरूममध्येच बसवा." दर्यापूरकडच्या आमच्या घरी न्हाणीचं बाथरूम केलं तेव्हा मी हेच ऐकलं होतं.

"विदर्भ म्हणजे उन्हाळा." २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. बोअरचं ताजं पाणी हिवाळ्यात कोमट लागतं, हे कबूल. पण तेच रात्रभर स्लॅबवरच्या टाकीत राहिलं की सकाळी अंगावर घेववत नाही. शिवाय लेक बाळंतपणाला आली, म्हातारीचे गुडघे धरले, की भर पावसाळ्यातही कढत पाणी लागतं. तेव्हा चुलीत ओल्या पऱ्हाट्या-तुराट्या (कपाशी-तुरीची खोडं) फुंकत कोण बसणार?

"नंतर पाहता येतं." नाही येत. गरम पाण्याची लाइन सीपीव्हीसीची हवी, साधा पीव्हीसी पाइप उष्णतेने मऊ पडतो. गिझरला १६ अँपिअरचा पॉइंट, जाड वायर, चांगलं अर्थिंग आणि गळतीचा करंट ओळखून लाइन तोडणारा स्विच हवा. हे सगळं भिंतीत जातं, म्हणजे टाइल्सच्या आधी. आम्ही सहा महिन्यांनी नवी भिंत फोडली, आणि त्या डिझाइनची टाइल दुकानात उरली नव्हती.

"तीन लिटरचा पुरतो." इथे हिशोबच करू. पाणी १८ अंशांवरून ४२ वर न्यायचं, तर ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर मिनिटाला जेमतेम पावणेदोन लिटर देतो. वीस लिटरच्या बादलीला अकरा मिनिटं, तीही २३० व्होल्ट मिळाले तर. व्होल्टेज १८० वर आलं की त्याची ताकद साठ टक्क्यांवर येते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात घटते. मग एका बादलीला अठरा मिनिटं. घरात पाच माणसं आणि सातची एसटी पकडायची असेल, तर शेवटचा थंड पाण्यानेच आंघोळ करून जातो. याउलट पाणी तापवून साठवणाऱ्या गिझरच्या २५ लिटरच्या टाकीतलं ६० अंशांचं पाणी थंडात मिसळलं की जवळपास दोन बादल्या होतात. व्होल्टेज कमी असलं तरी पहाटे लवकर बटण दाबलं की झालं. म्हणून आधी सकाळच्या बादल्या मोजा, मग लिटर ठरवा.

"गॅसचा बाथरूममध्येच बसवा." हा सल्ला जिवावर बेतणारा आहे. बंद खोलीत ज्वाळा हवेतला ऑक्सिजन खाते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आंघोळ करणारा बेशुद्ध होतो आणि आतून कडी लावलेली असते. गॅस गिझर बाहेरच्या उघड्या भिंतीवर बसवा, आत फक्त पाइप येऊ द्या.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट म्हणजे आमचा खारपाणपट्टा. इथलं पाणी कॉइलवर क्षाराचा थर चढवतं आणि टाकी खातं. टाकी वाचवायला तिच्याऐवजी झिजणारा आतला मॅग्नेशियमचा रॉड दरवर्षी काढून पाहायला सांगा, झिजला की बदला.

सोलरला आमच्याकडे ऊन भरपूर आहे, मात्र काचेच्या नळ्यांना वानरं आणि गारपीट दोन्हींची भीती. आम्ही सध्या २५ लिटरचा गिझर लावलाय आणि सोलरसाठी दोन पाइप छतावर काढून, तोंडं बंद करून ठेवलेत.