हिंगणघाटच्या काकांना : ढगामागं काहून फिरतो

काका, तुमची प्रतिक्रिया रात्रीच वाचली, पण तेव्हा उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं म्हणून सकाळवर ठेवलं. बाकीच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो, वादळी ढगांमागं गाडी घेऊन फिरून फोटो काढायचा मला नाद आहे, मार्चमधल्या गारांच्या ढगाचे फोटो मी टाकले अन खाली 'काय सुंदर ढग' असं लिहिलं, त्यावर काका म्हणतात की तिकडं शेतकऱ्याचा गहू आडवा होऊन राहिला अन तुम्ही इकडं लाइक गोळा करता, हे अमेरिकेचं खूळ आहे, आपल्याकडं कुठं टोर्नेडो येतात, अन तुमचं पाहून गावातले पोरं बाइक घेऊन विजेखाली जातील.

पोरांचं आधी घेतो, कारण तिथं मी तुमच्याच बाजूनं आहे. बाइकवर ढगामागं जाणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा, त्यात शौर्य काही नाही. मी जातो ते चारचाकीत, पत्र्याचं छत, काचा बंद, वीज पडलीच तर करंट बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत उतरते. अन वीज पाऊस पडतो तिथंच पडते असं काही नाही, ढगापासून १०-१५ किलोमीटर लांब, डोक्यावर ऊन असतानाही पडू शकते. लखलखाट दिसल्यावर ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर ती १० किलोमीटरच्या आत आहे, मग कॅमेरा आत अन काच वर, विषय संपला. देशात दरवर्षी दोन हजारांच्या वर माणसं विजेनं जातात, त्यातले बहुतेक वावरात काम करणारे नाहीतर झाडाखाली थांबलेले. म्हणून पोरांना ढगाचे फोटो दाखवू नका म्हणण्यापेक्षा पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलमधी टाकून द्या, २० अन ४० किलोमीटरच्या आत वीज असली की ते सांगते.

आता अमेरिकेचं. तिकडं डेव्हिड होडली नावाच्या माणसानं १९५६ मधीच वादळामागं फिरणं सुरू केलं, म्हणजे खूळ जुनं आहे एवढं मान्य. पण तिथलं जे मी डोक्यात ठेवलं ते वेगळंच आहे. टिम समारास हा अत्यंत सावध माणूस, वादळाच्या वाटेत यंत्रं ठेवून हवेचा दाब मोजणारा, २००३ मधी साउथ डकोटात त्याच्या यंत्रानं टोर्नेडो डोक्यावरून जाताना दाब १०० मिलिबारनं पडलेला नोंदवला. असा माणूस ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमात एल रेनोजवळ मुलगा पॉल अन सहकारी कार्ल यंग यांच्यासकट गेला, कारण त्या टोर्नेडोनं दिशा बदलली अन तो ४ किलोमीटरच्या वर रुंद झाला. अन तिथं तर सपाट मैदानात मैला-मैलावर चौकटीसारखे रस्ते, पळायला चारही बाजू मोकळ्या. आपल्याकडं काय, वर्धा नदीवर पूल मोजके, बाकी पांदण. काळ्या मातीच्या पांदणीवर दहा मिनिटं पाऊस पडला की चाकाला चिखल लागला अन गाडी तिथंच बसली, मग ढग तुमच्याकडं येऊन राहिला अन तुम्ही जागचे हलत नाही. त्यामुळं मी डांबरी सोडतच नाही, फोटो कितीही चांगला भेटत असला तरी.

टोर्नेडो सहसा येत नाही म्हणून आपलं वादळ साधं असते असं पण नाही बरं. फेब्रुवारी-मार्चमधी वरून पश्चिमेचा जोरदार वारा वाहत असते, खालून बंगालच्या उपसागराकडून ओल येते, दुपारच्या उन्हानं जमीन तापली की ढग १२-१५ किलोमीटर उंच जाते, अन खालचा-वरचा वारा वेगळा असल्यानं तो लवकर मरत नाही, गारा आतल्या आत खाली-वर होत मोठ्या होत राहतात. मेमधी उन जास्त असूनही गारा कमी, कारण तेव्हा पाणी गोठते ती उंची वर गेलेली असते अन खाली येता येता गारा वितळतात. असे ढग बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडं, थोडे ईशान्येला सरकतात, म्हणून मी गाडी त्यांच्या दक्षिणेला, वाटेच्या बाहेर ठेवतो. नागपूरच्या रडारचं चित्र पाहतो पण ते हाती येईस्तोवर दहा-पंधरा मिनिटं जुनं झालेलं असू शकते, म्हणून डोळ्यावर भरवसा जास्त. पावसाच्या आधी धुळीची भिंत येते, गरम हवा एकदम थंड होते, ते वावधन म्हणजे ढगातून खाली आदळलेली गार हवा, अन तेव्हा तुम्ही आधीच निघालेले पाहिजे.

राहिलं शेतकऱ्याचं. काका, माझ्याही घरी आर्वीकडं गहू आहे, थोडा संत्रा आहे. अंबिया बहाराची बोराएवढी फळं मार्चमधी गारांनी झाडाखाली सडा होऊन पडलेली मी पाहिली आहेत, २०१४ च्या गारपिटीचं तर तुम्हाला सांगायची गरज नाही. उभ्या गव्हाचं अन संत्र्याचं अर्ध्या तासाच्या इशाऱ्यानं काही होत नाही हे मला माहीत आहे. पण सोंगून ठेवलेला हरभरा ताडपत्रीखाली जाते, ढोरं झाडाखालून सुटतात, धुऱ्यावरची बाई घरी येते. त्या ढगाच्या वाटेतल्या गावात मी आधी फोन लावतो अन मग कॅमेरा काढतो, फक्त फोन लावल्याचा फोटो टाकायची मला सवय नाही म्हणून तुम्हाला दिसला नाही.

अन 'सुंदर' लिहिलं ते मागं घेणार नाही. तो ढग खरंच सुंदर होता. नुकसान करते म्हणून तो कुरूप दिसला पाहिजे हे मला पटत नाही, माझ्या वडिलांनाही त्याच दिवशी दोन्ही दिसलं, आधी ओसरीवर उभं राहून ढगाकडं पाहत राहिले अन मग शिव्या दिल्या.

पेट्रोलचे पैसे कोण देते असं तुम्ही शेवटी विचारलं. माझ्याच पगारातले. कोणी स्पॉन्सर भेटत असेल तर सांगा, तेवढी मदत नक्की घेईन.