आलेख मृत्यूंचा, दावा आजाराचा

"रोग लशींमुळे नाही, स्वच्छतेमुळे गेले" असं सांगणारा एक मेसेज सतत फिरत असतो. सोबत गोवराने झालेल्या मृत्यूंचा आलेख असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रेषा खाली उतरत जाते, आणि ती तळाशी टेकायला आली की एक बाण दाखवतो: "लस इथे आली." त्याखाली आणखी चार दावे असतात. लस घेतलेली मुलंही आजारी पडतात; आजार होऊन मिळणारी प्रतिकारशक्तीच खरी; लशीमुळे ऑटिझम होतो; आणि कंपन्यांच्या फायद्यासाठी दुष्परिणाम दडवले जातात. हा मेसेज पुढे पाठवणारे बहुतेक जण लेकरांच्या काळजीपोटीच पाठवतात. म्हणूनच त्याला मुद्देसूद उत्तर द्यायला हवं.

आधी आलेख. त्यातले आकडे खरे आहेत. अमेरिकेत गोवराची नोंद सुरू झाली तेव्हा पहिल्या दशकात वर्षाला सरासरी ६,००० मृत्यू नोंदले जात. लस येण्याआधीच्या काळात हा आकडा ४०० ते ५०० पर्यंत उतरला होता. मुलांना खायला बरं मिळू लागलं, गोवरानंतर होणाऱ्या न्युमोनियावर प्रतिजैविकं आली, दवाखाने सुधारले. हे श्रेय त्या गोष्टींना द्यायलाच हवं.

पण आलेख मृत्यूंचा आहे आणि दावा आजाराबद्दल केलाय. सगळी गफलत इथेच आहे. मृत्यू इतके कमी झाले होते त्याच वर्षांत अमेरिकेत दरवर्षी गोवराचे सुमारे ५ लाख रुग्ण नोंदले जात होते, आणि प्रत्यक्षात ३० ते ४० लाख लोकांना तो होत असावा असा अंदाज आहे. पंधरा वर्षांचं होईपर्यंत जवळपास प्रत्येक मुलाला गोवर येऊन जायचाच. वर्षाला ४८,००० जण रुग्णालयात दाखल होत आणि सुमारे १,००० जणांच्या मेंदूला सूज येई. त्यातून वाचलेल्यांपैकी काहींना कायमचं बहिरेपण किंवा मतिमंदत्व येई, आणि मृत्यूंच्या आलेखात ही मुलं कुठेच दिसत नाहीत. १९६३ मध्ये लस आली. १९६८ पर्यंत नोंदलेले रुग्ण सुमारे २२,००० वर आले. पाच वर्षांत असं काय स्वच्छ झालं? गोवर हवेतून पसरतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत राहू शकतो. त्याला ना गटारं अडवतात, ना नळाचं पाणी.

स्वच्छतेचा दावा आणखी एका ठिकाणी तपासून बघता येतो. हिब नावाचा जिवाणू लहान मुलांच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. १९८० च्या दशकात, म्हणजे पाणी, सांडपाणी, साबण, प्रतिजैविकं सगळं हाताशी असताना, अमेरिकेत दरवर्षी पाच वर्षांखालच्या सुमारे २०,००० मुलांना त्याचा गंभीर संसर्ग व्हायचा. त्या दशकाच्या अखेरीस लस आली आणि काही वर्षांतच हे प्रमाण ९९ टक्क्यांनी घटलं. पोलिओचं तर उलटंच घडलं. अस्वच्छ परिस्थितीत बाळाला हा विषाणू अगदी तान्हेपणी, आईकडून मिळालेली प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी प्रथिनं) अंगात असतानाच गाठायचा, आणि पायावर बेतण्याची शक्यता कमी असायची. स्वच्छता वाढली तसा तो मोठ्या मुलांना गाठू लागला आणि लुळेपणाच्या मोठमोठ्या साथी आल्या. १९५२ मध्ये एकट्या अमेरिकेत सुमारे ५८,००० रुग्ण होते, त्यातले २१,००० लुळे पडले. साल्क यांची लस १९५५ ची.

आणि लस थांबवली तर काय होतं, हेही जगाने पाहिलंय. जपानमध्ये १९७४ पर्यंत सुमारे ८० टक्के मुलांना डांग्या खोकल्याची लस मिळत होती. त्या वर्षी ३९३ रुग्ण आढळले, मृत्यू एकही नाही. लशीनंतर दोन मुलांचे मृत्यू झाल्याने घबराट पसरली आणि १९७६ पर्यंत लसीकरण १० टक्क्यांवर आलं. १९७९ मध्ये १३,००० हून अधिक रुग्ण झाले आणि ४१ जण दगावले. जपानमधली स्वच्छता त्या पाच वर्षांत ढासळली नव्हती.

"लस घेतलेलेही आजारी पडतात." पडतात. पण हिशोब पूर्ण मांडून बघा. हजार मुलांच्या शाळेत ९७० जणांनी गोवराच्या लशीचे दोन्ही डोस घेतलेत, ३० जणांनी एकही नाही. दोन डोसनंतरही शंभरातल्या साधारण तिघांना संरक्षण मिळत नाही, म्हणजे ९७० मधले २९. संरक्षण नसलेल्यांना संसर्ग झाला तर दहातले नऊ आजारी पडतात. साथ सगळ्या शाळेत पोचली तर लस घेतलेले २६ आणि न घेतलेले २७ आजारी पडतील. "निम्म्या रुग्णांनी लस घेतली होती" ही बातमी खरीच असेल. पण ते ९७० पैकी २६ आहेत, आणि हे ३० पैकी २७. मेसेजमध्ये ९७० आणि ३० हे आकडे कधीच नसतात.

आजारातून मिळणारी प्रतिकारशक्ती गोवराच्या बाबतीत टिकाऊ असते, हे खरं. मात्र ती मिळवायची तर आधी गोवर काढावा लागतो. शिवाय गोवर शरीराची आधीची कमाईही पुसतो: २०१९ च्या एका अभ्यासात गोवरानंतर मुलांच्या अंगातली इतर आजारांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झालेली दिसली. धनुर्वातात तर नैसर्गिक प्रतिकारशक्ती येतच नाही. त्याचं विष इतक्या सूक्ष्म प्रमाणात घात करतं की शरीराला त्याची ओळखही पटत नाही. धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही लस घ्यावीच लागते.

ऑटिझमच्या दाव्याचं मूळ गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्र लशीबद्दलच्या १९९८ मधल्या एका शोधनिबंधात आहे. अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरांनी फक्त १२ मुलांवरून तो लिहिला. २०१० मध्ये तो छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांची डॉक्टर म्हणून नोंदणी रद्द झाली. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या, लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत फरक आढळला नाही. तरी आईबापांना तसं का वाटतं, हे मला समजतं. ऑटिझमची लक्षणं नजरेत भरू लागतात ते वय आणि ही लस देण्याचं वय साधारण एकच आहे. मुलाचं बोलणं थांबलेलं पाहणारी आई कारण शोधणारच. तिच्या त्या शोधाचा कुणी असा वापर करावा, याची मला चीड येते.

राहिला दुष्परिणाम दडवल्याचा आरोप. लशीने ताप येतो, हात दुखतो, क्वचित तीव्र ॲलर्जी होते. बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसवरची पहिली लस अमेरिकेत १९९८ मध्ये आली. तिच्यामुळे साधारण दहा हजारांत एका बाळाच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकण्याचा धोका दिसला आणि १९९९ मध्येच ती बाजारातून काढली. दहा हजारांत एक इतका विरळा धोका वर्षभरात सापडला, कारण तो शोधणारी यंत्रणा कामाला लागलेली होती.

माणसांच्या हातून चुकाही होतात. सामोआ या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशात २०१८ मध्ये नर्सनी गोवराच्या लशीची पावडर पाण्याऐवजी मुदत संपलेल्या स्नायू शिथिल करणाऱ्या औषधात कालवली आणि दोन बाळं गेली. त्या आईबापांचा राग रास्तच होता. पण लसीकरण काही महिने बंद राहिलं, अफवांनी जोर धरला, लस मिळालेल्या बाळांचं प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. २०१९ मध्ये गोवर शिरला. जेमतेम दोन लाख वस्तीच्या त्या देशात ५,७०० हून अधिक लोक आजारी पडले, ८३ दगावले, त्यातली बहुतेक पाच वर्षांखालची. डिसेंबरमध्ये सरकारने दोन दिवस सगळं बंद ठेवलं. ज्या घरात लस न घेतलेलं माणूस आहे, त्यांनी दारावर लाल कापड लावायचं आणि पथकाने तिथे जाऊन टोचायचं, अशी मोहीम काढावी लागली.

आणि फायद्यासाठीच लशी चालू ठेवायच्या असत्या, तर देवीची लस आजही प्रत्येक बाळाला टोचली गेली असती. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये ती पहिल्यांदा दिली. १९७७ मध्ये सोमालियात देवीचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण सापडला, १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोग संपल्याचं जाहीर केलं, आणि सर्वसामान्यांना ही लस देणं बंद झालं. गोवर अजून तसा संपलेला नाही, म्हणून त्याची लस चालू आहे.