शाळेत बिनमातीची बाग करायचीय? पंप नको, बरण्या घ्या

शहरातल्या शाळेला धड मैदान नसतं, बागेला माती कुठून येणार? मग गच्चीवर पांढऱ्या पाइपांचा, पंपावर चालणारा हायड्रोपोनिक्सचा (मातीऐवजी खताच्या पाण्यात रोपं वाढवण्याचा) मांडव उभा राहतो. पाहुण्यांना दाखवायला झकास! पण पाइपांत पाण्याची जेमतेम धार असते. कडक उन्हात काही तास वीज गेली की रोपं माना टाकतात. त्यात सगळ्या रोपांना एकच पाणी. मुलांनी तुलना कशाशी करायची?

त्यापेक्षा हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅट्की यांची बिनपंपाची पद्धत घ्या. लोणच्याची 3 लिटरची रिकामी बरणी, झाकणाला भोक, त्यात जाळीचा कप, स्पंजमध्ये उगवलेलं लेट्यूसचं (सॅलडच्या पानांचं) रोप. बरणीला काळा कागद गुंडाळा, नाहीतर आठवड्यात शेवाळ धरतं. कपाभोवती फट ठेवू नका. डासांना तेवढी पुरते.

10 लिटर पाण्यात हायड्रोपोनिक्सचं, सूक्ष्म अन्नद्रव्यं असलेलं एनपीके (नायट्रोजन-फॉस्फरस-पोटॅशचं खत, त्यात नायट्रोजन कमी असलेलं) 6 ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट 3 ग्रॅम आणि शेवटी कॅल्शियम नायट्रेट 6 ग्रॅम. प्रत्येक खत पूर्ण विरघळल्यावरच पुढचं. (घट्ट द्रावणं एकत्र ओतली तर पांढरा साका बसतो. एकदा मुद्दाम करून दाखवा, रसायनशास्त्राचा तास तिथेच होतो.) पाण्याचा पीएच (आम्लतेचा आकडा) 5.5 ते 6.5.

सुरुवातीला बरणीत हे पाणी कपाच्या बुडाला लागेल इतकंच. पातळी उतरते तशी वरची मुळं हवेत येतात आणि तिथूनच श्वास घेतात. मुलं मायेपोटी बरणी पुन्हा काठोकाठ भरतात आणि रोप गुदमरतं. कमी पडलंच तर अर्ध्यापर्यंत भरा.

खरी मजा एका बरणीत कॅल्शियम नायट्रेट न घालण्यात आहे. थोड्या दिवसांत जुनी पानं पिवळी पडतात आणि नव्या पानांच्या कडा करपतात. एकच खत वगळलं, मग लक्षणं दोन ठिकाणी का? नायट्रोजन झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं. कॅल्शियम एकदा बसलं की हलत नाही. याचा उलगडा सहावी-सातवीच्या मुलांना स्वतः करू द्या, लगेच उत्तर सांगू नका.

लेट्यूस नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच. उन्हाळ्यात बी रुसतं, पाणी तापून त्यातला ऑक्सिजन घटतो, मुळं तपकिरी-बुळबुळीत होतात. जूनमध्ये पुदिन्याच्या काड्या लावा. खिडकीत 4-5 तास ऊन हवंच. ट्यूबलाइटखाली रोपं नुसती लांबुडकी होतात. आणि उरलेलं पाणी मोरीत ओतू नका, कुंड्यांना घाला.