सगळं पातेलं तपासलं, तरी म्हणे शीत दाखवा

वर्गात नमुना-निवड शिकवताना मी दरवर्षी 'शितावरून भाताची परीक्षा' सांगते. मुलांना चटकन पटतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ही म्हण पार उलटी फिरवली.

खटला वॉरन मॅक्लेस्कीचा. जॉर्जिया राज्यातला कृष्णवर्णीय माणूस. अटलांटात दरोड्याच्या वेळी गोऱ्या पोलिसाचा खून केल्याबद्दल देहदंड. तो निर्दोष होता असं मी म्हणत नाहीये, वाद तो नव्हताच. त्याच्या वकिलांनी डेव्हिड बाल्डस आणि सहकाऱ्यांचा अभ्यास कोर्टापुढे ठेवला. जॉर्जियातली खुनाची दोन हजारांहून जास्त प्रकरणं. मेलेला माणूस गोरा असेल तर ११ टक्के प्रकरणांत देहदंड, काळा असेल तर १ टक्का. आता कुणीही म्हणेल, गुन्हेच वेगवेगळे असतील. म्हणून बाल्डसनी आरोपीचा पूर्वेतिहास, गुन्ह्याचं स्वरूप असं कितीतरी हिशेबात धरलं. तरी ४.३ पट फरक उरलाच. (हा 'ऑड्स'चा, म्हणजे देहदंड होणं आणि न होणं यांच्या गुणोत्तराचा आकडा आहे बरं, थेट शक्यतेचा नाही. इथे भलेभले घसरतात.)

गंमत म्हणजे कोर्टाने आकडे खोटे ठरवलेच नाहीत. ते खरे धरून ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की तुझ्याच खटल्यात कुणी मुद्दाम भेदभाव केला ते सिद्ध कर. म्हणजे सगळं पातेलं तपासून झाल्यावर, आता हेच शीत कच्चं आहे ते दाखव! दाखवणार कसं? ज्यूरी, म्हणजे सामान्य नागरिकांचं पंचमंडळ, बंद दाराआड ठरवते, कारणं लिहून देत नाही. आणि देहदंड का मागितला याचा सरकारी वकिलाकडे खुलासा मागण्याची गरज नाही, हेही त्याच निकालात.

सरासरीवरून एका माणसाबद्दल ठामपणे बोलता येत नाही, ही हरकत मला मान्य आहे. मीच ती शिकवते. पण १९७७ मध्ये याच कोर्टापुढे टेक्सासच्या एका काउंटीचे (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आकडे आले होते: लोकसंख्येत मेक्सिकन वंशाचे ७९ टक्के, ग्रँड ज्यूरीत (आरोपीवर खटला चालवायचा का ते ठरवणारं नागरिकांचं मंडळ) ३९. सरकारला खुलासा देता आला नाही, तेव्हा भेदभाव मान्य झाला. मग इथेच आकडे का अपुरे पडले? खरी अडचण निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती पॉवेल यांनीच लिहून ठेवली आहे: मॅक्लेस्कीचा हा दावा मानला तर सगळ्या फौजदारी न्यायव्यवस्थेवरच प्रश्नचिन्ह लागेल. विरोधी मत देणारे ब्रेनन यांनी त्यावर बोट ठेवलं. म्हणाले, ही तर 'न्याय जरा जास्तच होईल' याची भीती आहे.

निवृत्तीनंतर, १९९१ मध्ये, पॉवेल यांना त्यांच्या चरित्रकाराने विचारलं की एखादं मत बदलावंसं वाटतं का. त्यांनी मॅक्लेस्कीच्या खटल्याचं नाव घेतलं. त्यांचं ते एक मत फिरलं असतं तर निकाल फिरला असता. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला मॅक्लेस्कीला विजेच्या खुर्चीत बसवलं.