ला रूने दुसऱ्या अल्बमला साऊंड बदलला म्हणजे नक्की काय बदललं?

पॉपमध्ये कुणाचाही दुसरा अल्बम आला की एक ठरलेली बातमी येते. अमुकने स्वतःला नव्याने शोधलं, नवा लूक, नवा साऊंड, नवा प्रोड्युसर, आणि मग आपण उत्साहाने ऐकायला बसतो तर कळतं की केस कापलेत, ड्रम्सचा आवाज बदललाय, बाकी गाणं तेच आहे. मला या प्रकाराचा जाम कंटाळा आलाय. त्यामुळे जिथे हे खरोखर घडलंय असं मला वाटतं त्या एका अल्बमबद्दल आज सविस्तर लिहितेय, पोस्ट लांब होणार, आधीच सांगते.

ला रू, म्हणजे लंडनची एली जॅक्सन. अल्बम 'ट्रबल इन पॅराडाइज', जुलै २०१४. नाव लक्षात नसेल तर 'बुलेटप्रूफ' नक्की आठवेल, २००९ मध्ये ब्रिटनच्या चार्टवर एक नंबरला गेलेलं आणि पुढे अमेरिकेतही टॉप टेनमध्ये शिरलेलं. त्याच्या आधीचं 'इन फॉर द किल' दोन नंबरपर्यंत गेलं होतं, आणि स्क्रीम या प्रोड्युसरने त्याचा जो डबस्टेप (म्हणजे जड, घुमणाऱ्या बासचं डान्स म्युझिक) रीमिक्स केला तो तर बऱ्याच लोकांना मूळ गाण्यापेक्षा जास्त माहितीये. कपाळावर उभा केलेला लाल केसांचा झुपका, चेहऱ्यावर "जवळ येऊ नकोस" असा भाव, आणि आवाज सतत तार सप्तकात, अगदी धारदार. पहिला अल्बम आवडतो मला, पण तो सलग ऐकताना दमायला होतं. प्रत्येक गाणं आपल्यावर चालून येतं. सिंथचे (सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचे) सूर कोरडे आणि टोकदार, ड्रम्स सगळे मशीनचे, बासही सिंथवरच, आणि या सगळ्याच्या वर ती बाई चिलखत घालून उभी. यात तिने कुठे श्वास घेतलाय हेसुद्धा पटकन सापडत नाही.

मग मर्क्युरी प्राइझचं, म्हणजे ब्रिटनमधल्या अल्बमच्या मानाच्या पुरस्काराचं, नॉमिनेशन झालं, २०११ मध्ये इलेक्ट्रॉनिक/डान्स अल्बमचं ग्रॅमी झालं, मधल्या काळात कान्ये वेस्टच्या 'ऑल ऑफ द लाइट्स' मध्ये तिचा आवाज आला, आणि त्यानंतर स्वतःचं नवीन असं काहीच नाही. पाच वर्षांची गॅप. पॉपमध्ये पाच वर्षं म्हणजे लोक तुम्हाला विसरून वर तुमच्या नावाची नॉस्टॅल्जिया पार्टीपण करून मोकळे होतात.

या पाच वर्षांत जे झालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि साऊंड बदलण्याच्या चर्चेत तेच सगळ्यात कमी येतं. तिचा गळा गेला. पहिल्या अल्बमच्या टूर्स चालू असताना तो फॉल्सेटो, म्हणजे नेहमीच्या आवाजाच्या वरचा तो पातळ उंच आवाज, ज्याच्यावर अख्खा अल्बम उभा होता, लागेनासा झाला. तिने नंतर मुलाखतींमध्ये सांगितलंय की डॉक्टरांना गळ्यात काही बिघाड सापडला नाही, सगळं टेन्शनमुळे होत होतं, गायला उभं राहिलं की स्नायू आवळायचे. विचार करा, तुमची ओळख म्हणजे एक विशिष्ट उंच आवाज, आणि शरीर सांगतंय की हा आवाज आता मिळणार नाही. अशा वेळी नवा साऊंड हा काही मार्केटिंगच्या मीटिंगमध्ये ठरत नाही. जो आवाज शिल्लक आहे त्याला पेलेल असं संगीत शोधावं लागतं.

दुसरी गोष्ट, ला रू मुळात दोघांची होती. बेन लँगमेड हा तिचा सहलेखक आणि सहनिर्माता, पण तो फोटोत नसायचा, स्टेजवर नसायचा, त्यामुळे लोकांना ला रू म्हणजे तीच वाटायची. दुसऱ्या अल्बमचं काम चालू असतानाच दोघं वेगळे झाले, आणि हे लोकांना कळलं ते अल्बम यायच्या सुमारास. तिने पुढचं काम इयन शेरविनबरोबर पूर्ण केलं. म्हणजे गळा गेला, जोडीदार गेला, आणि हातात अर्धवट अल्बम. इथे बहुतेक लोक काय करतात, तर चार नावाजलेले हिटमेकर बोलावतात आणि त्या वर्षी जे चालतंय ते करून मोकळे होतात. तेव्हा काय चालत होतं आठवतंय का? ईडीएमचा, म्हणजे मोठ्या फेस्टिव्हल्समधल्या इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकचा जमाना. बिल्डअप, मग ड्रॉप, मग सगळे हात वर. तिच्याकडे तर 'बुलेटप्रूफ' होतं, तिला हे अगदी सहज जमलं असतं. तिने हे केलं नाही, नऊ गाणी केली आणि त्यातल्या बहुतेकांमध्ये गिटार वाजतेय.

आता अल्बमकडे. पहिलं गाणं 'अपटाइट डाउनटाउन'. सुरू होताच ती गिटार येते, डिस्को-फंकची, छोटे छोटे कापलेले कॉर्ड, डिस्को बँड शिकचा गिटारिस्ट नाइल रॉजर्स जसा उजव्या हाताने तालवाद्यासारखी गिटार वाजवतो त्या घराण्यातली. त्याच्या जोडीला बास, आणि हा बास चालतो, डुलतो, मधेच एखादा सूर खाऊन टाकतो. पहिल्या अल्बमचा सिंथ बास घड्याळाच्या काट्याला बांधलेला होता, अगदी समेवर आपटायचा. इथे ठेक्याच्या किंचित मागे राहायची मुभा आहे, आणि तेवढ्यानेच गाणं मोकळं होतं. गंमत म्हणजे विषय काय, तर २०११ च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये झालेल्या दंगली, त्यातही ब्रिक्स्टनच्या, जो तिचा स्वतःचा भाग. दंगलीवर नाचायचं गाणं! पण ती भाषण देत नाही, रस्त्यावरचा तो ताण, गरम हवा, काहीतरी होणार आहे असं वाटणं, एवढंच पकडते. पहिल्या अल्बमच्या आवाजात हे गाणं केलं असतं तर ते ओरडणं झालं असतं असं मला ठाम वाटतं.

'ट्रॉपिकल चान्सर' माझं सगळ्यात आवडतं. एका गोडबोल्या लफंग्याबद्दल आहे, बेटावर भेटलेला, दिसायला भारी, बोलायला त्याहून भारी, आणि भरवशाचा अजिबात नाही. पहिल्या अल्बममध्ये असा माणूस आला असता तर तिने त्याला तिथेच गोळी घातली असती. इथे ती त्याच्याकडे बघून हसतेय. तिला कळलंय तो काय आहे, आणि तरी त्या संध्याकाळची मजा घालवायची नाहीये. आवाज खाली आलाय, बोलल्यासारखा, थोडा आळसावलेला. मला विचाराल तर खरा बदल हा आहे. वाद्यं काय, कुणीही बदलतं, पण आधीच्या अल्बममध्ये जी व्यक्ती गात होती ती इथे नाहीच. 'किस अँड नॉट टेल' मध्ये चोरून काहीतरी करायची हौस आहे, 'क्रुएल सेक्शुअ‍ॅलिटी' मध्ये स्वतःच्या इच्छेशी चाललेलं भांडण आहे, आणि दोन्हीकडे विनोद आहे. पहिल्या अल्बममध्ये विनोद शोधून सापडत नाही.

बरं, पण लोक म्हणतात की तिने पहिल्या अल्बमचा ऐंशीच्या दशकातला साऊंड सोडून दिला, तर ते काही मला पटत नाही. उलट ती त्याच दशकात आहे, फक्त शहर बदललंय. पहिला अल्बम इंग्लंडच्या थंडीतला, याझू, ह्यूमन लीग, युरिथमिक्स अशा तिथल्या सिंथ-पॉप बँड्सचा, म्हणजे सिंथ, ड्रम मशीन आणि उदास चेहरे. दुसरा अल्बम राहतो बहामाजमध्ये. तिथल्या नासाऊ शहराला कंपास पॉइंट नावाचा स्टुडिओ होता, आयलंड रेकॉर्ड्सच्या क्रिस ब्लॅकवेलने १९७७ मध्ये काढलेला. तिथे स्लाय डनबार आणि रॉबी शेक्सपियर ही जमैकाची ड्रम आणि बासची जोडी, कीबोर्डवर वॉली बादारू, आणि समोर जमैकात जन्मलेली गायिका ग्रेस जोन्स, अशी मंडळी जमली आणि १९८० ते ८२ या काळात ग्रेसचे लागोपाठ तीन अल्बम तिथे झाले. टॉम टॉम क्लब या बँडचा पहिला अल्बमही तिथलाच. रेगेचा ढिला बास, न्यू वेव्हचा (पंकनंतर आलेल्या पॉप-रॉकचा) कोरडेपणा, डिस्कोची चमक, सगळं एकत्र, आणि गाणाऱ्या बाईला आवाज चढवायची गरजच नाही. ग्रेस जोन्स कुठे चढवते आवाज? ती नुसती खोलीत येते आणि बाकीचे गप्प होतात. ज्या गायिकेला तार सप्तक दुरावलंय तिने नेमकं हेच घर शोधावं यात मला फार मोठी अक्कल दिसते. (जाता जाता, आइसलंडची गायिका ब्योर्कच्या १९९५ च्या 'पोस्ट' चं कामसुद्धा कंपास पॉइंटलाच सुरू झालं होतं, आणि मोठेपणीचे अल्बम मोजले तर तोही तिचा दुसराच. त्या बेटावर काहीतरी आहे बाबा.)

'लेट मी डाउन जेन्टली' बद्दल वेगळं बोलायलाच हवं. अल्बम यायच्या आधी सगळ्यात पहिलं हे गाणं बाहेर आलं, आणि पाच वर्षांनी परत येताना कुणी इतकं हळू येईल असं कुणालाच वाटलं नसणार. बराच वेळ ठेका नाहीच, नुसता सिंथचा पसरलेला सूर आणि आवाज. मग ठेका येतो, गाणं भरत जातं, आणि अर्ध्याच्या पुढे कुठेतरी ते चक्क थांबतं. शांतता. आपल्याला वाटतं संपलं. रेडिओवर असलं काही वाजवणं म्हणजे आत्महत्या, लोक स्टेशन बदलतील. आणि मग गाणं परत येतं, आणि शेवटाकडे सॅक्सोफोन. मला सॅक्सोफोन सोलोंची बऱ्यापैकी अ‍ॅलर्जी आहे, पण इथला चालतो, कारण त्या शांततेने त्याच्यासाठी जागा करून ठेवलीये.

आणि 'सायलेंट पार्टनर', सात मिनिटांच्या आसपासचं. ऐकणाऱ्यांनी लगेच त्याचा संबंध लँगमेडशी जोडला, नावच तसं आहे. इथे पहिल्या अल्बमची ती धावती मशीन परत येते, न थांबणारा सिंथचा अर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागोमाग एक वाजवणं), पण तेव्हा ती मशीन तिचं शस्त्र होती आणि आता तीच तिच्या मागे लागलीये असं वाटतं. जुना साऊंड संपूर्ण अल्बमभर बाजूला ठेवायचा आणि फक्त तुटलेल्या नात्याच्या गाण्यात बाहेर काढायचा, हे ठरवून केलं असेल तर कमाल आहे, आणि नकळत झालं असेल तर अजूनच कमाल.

सगळंच भारी आहे असं नाही. 'पॅराडाइज इज यू' मला आजही झेपत नाही, ते गोड आहे आणि नुसतंच गोड आहे. 'सेक्सोथेक' ची कल्पना एक मिनिट मजेशीर वाटते आणि गाणं त्यापेक्षा खूप जास्त वेळ चालतं. शब्दांच्या बाबतीत ती कधीच फार मोठी लेखिका नव्हती, इथेही नाही.

आणि खपाचं म्हणाल तर अल्बम ब्रिटनमध्ये सहा नंबरला गेला, पण एकही सिंगल 'बुलेटप्रूफ' च्या जवळपास फिरकलं नाही. समीक्षकांनी भरभरून लिहिलं, आणि मोठ्या लेबलबरोबरचं तिचं नातं मात्र या अल्बमनंतर संपलं. यावरून लोक निष्कर्ष काढतात की बघा, साऊंड बदलला आणि करिअर गेलं. अरे पण पाच वर्षं गायब राहिल्यावर तिने 'बुलेटप्रूफ भाग दोन' काढला असता तर २०१४ मध्ये तो कुणी घेतला असता? तो साऊंड तोवर डझनभर लोकांनी वापरून चोथा केला होता. नुकसान झालं असेल तर ते उशिराचं, बदलाचं नव्हे. गोल्डफ्रॅप या ब्रिटिश जोडीचं बघा ना, २००० चा पहिला 'फेल्ट माउंटन' म्हणजे धुक्यातलं, सिनेमाच्या पार्श्वसंगीतासारखं काहीतरी, आणि २००३ चा दुसरा 'ब्लॅक चेरी' म्हणजे थेट चमचमतं, घाम आलेलं इलेक्ट्रो. त्याहून मोठी उडी काय असते? तरी लोक गेलेच ना त्यांच्याबरोबर. तीन वर्षांत आले होते ते, हाही फरक आहेच.

तिसरा अल्बम 'सुपरव्हिजन' तिने २०२० मध्ये स्वतःच्या लेबलवर काढला. आठ गाणी, त्याच उन्हातली, तीच गिटार. वाईट नाही, पण मला तो पातळ वाटतो. दुसऱ्या अल्बममध्ये ती मोकळीक कमावलेली होती, प्रत्येक गाण्यात मागे कुठेतरी तो आवळलेला गळा आणि ते भांडण ऐकू येतं. तिसऱ्यात नुसती मोकळीक आहे, ज्याच्यातून सुटायचं होतं ते काही शिल्लक नाही. अर्थात तिचं आयुष्य सुखाचं झालं असेल तर चांगलंच आहे, माझ्या करमणुकीसाठी तिने परत आजारी पडावं असं काही माझं म्हणणं नाही.

ज्यांनी ऐकलेला नाही त्यांना एकच विनंती, पहिल्या गाण्यापासून ओळीने ऐकू नका. आधी 'ट्रॉपिकल चान्सर' लावा, मग लगेच २००९ चं 'इन फॉर द किल', मूळचं, रीमिक्स नको, आणि मग 'लेट मी डाउन जेन्टली', आणि ते मधेच थांबलं तर फोन हातात घेऊन पुढचं गाणं लावू नका, ते संपलेलं नाहीये.